जैसलमेरचा शार्क

जैसलमेरला आम्ही एका शार्कच्या निमित्ताने गेलो. २०२१च्या ऑगस्टमध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जयपूर कार्यालयातले कृष्ण कुमार, प्रज्ञा पांडे, त्रिपर्णा घोष आणि देबाशिष भट्टाचार्य यांनी आयआयटी रुरकीच्या सुनील बाजपेयींसोबत एक शोध जाहीर केला. जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांत मिळालेले दात शार्कच्या आजवर अज्ञात असलेल्या प्रजातीचे आहेत, असा तो शोध. नाव ठेवलं स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. वय साधारण १६ ते १६.८ कोटी वर्षं. स्ट्रोफोडस हे कुळ, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, भारतीय उपखंडात पहिल्यांदाच सापडलं. आशियात त्याआधी फक्त जपान आणि थायलंडमध्ये त्याची नोंद होती.

ही बातमी मला भाचीने पाठवली होती. ती तेव्हा शाळकरी होती, आता पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करते. मी रत्नागिरीची, शाळेत भूगोल शिकवते. जिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथल्या दगडात शार्क, ही गोष्ट मी वर्गात किती तरी वेळा सांगितली. सांगताना दरवेळी वाटायचं की ती जमीन आपण एकदा पायाखाली घ्यायला हवी. या जानेवारीत भाचीसोबत ते जमलं.

शुक्रवार: जोधपूरहून पुढे

जोधपूर ते जैसलमेर रेल्वेने साडेपाच-सहा तास. खिडकीबाहेर आधी शेतं, मग खेजडीची विरळ झाडं, मग नुसती खुरटी झुडपं. समोरच्या बाकावर फलोदीला उतरणारं एक कुटुंब होतं. त्यांनी डबा उघडला आणि आम्हाला न विचारताच हातावर बाजरीची भाकरी ठेवली, वर लसणाची लाल चटणी आणि गुळाचा खडा. आपल्या भाकरीपेक्षा ही जाड, तुपात जवळजवळ बुडवलेली. मी त्यांना कोकमाच्या वड्या दिल्या. आजीबाईंनी एक चाखली, डोळे मिटले आणि उरलेल्या नातवंडांसाठी पदरात बांधून घेतल्या.

जैसलमेरला संध्याकाळी उतरलो तेव्हा वारा बोचत होता. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी दोन्ही घ्या. दुपारी ऊन चटचटतं, पण सकाळी बोटं वळत नाहीत. राहायला किल्ल्याच्या आत जागा मिळते, तरी आम्ही मुद्दाम बाहेर राहिलो. आतलं सांडपाणी टेकडीत मुरतं आणि त्याने बुरूज खचतात हे खूप वर्षांपासून माहीत असलेलं दुखणं आहे. एका रात्रीच्या सुंदर खिडकीसाठी त्यात भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

शनिवार: किल्ल्याच्या भिंती

किल्ला रावळ जैसलने ११५६मध्ये वसवला. त्रिकूट टेकडीवर ९९ बुरूज, आत आजही हजारो माणसं राहतात. हे सगळं पाटीवर वाचायला मिळतं. पाटीवर नसतं ते असं की हा किल्ला ज्या पिवळ्या चुनखडीचा बांधलाय ती समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. या खडकांच्या एका थराला भूशास्त्रात ‘फोर्ट मेंबर’ असंच नाव आहे, या टेकडीवरूनच दिलेलं.

भाची भिंतींपासून वीतभर अंतरावरून चालत होती. भिंग डोळ्याला. “मावशी, इकडे बघ,” असं म्हणून तिने एका घराच्या जोत्यावर बोट ठेवलं. दगडात पांढरट कमानी होत्या, एकात एक अडकलेल्या. शिंपल्यांचे आडवे छेद. दगड कापताना शिंपलेही कापले गेले होते. त्याच्या शेजारी एका बारीक शंखाचं मळसूत्र. नंतर डोळे सरावले आणि मलाही दिसायला लागलं: पायरीत, उंबऱ्यात, देवळाच्या चौथऱ्यात. जैन मंदिरांचं कोरीवकाम बघायला लोक मान वर करून उभे होते आणि आम्ही दोघी खाली बसलेल्या.

“कांई देखो हो?” घरातून एक आजी बाहेर आल्या. भाचीने त्यांना भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ जोत्याकडे पाहिलं, मग आत हाक मारून नातवाला बोलावलं. आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याने पाहिलं आणि विचारलं, “यहाँ समंदर था? तो पानी किधर गया?”

भाचीने पायरीवर खडूने नकाशा काढला. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आफ्रिकेला आणि मादागास्करला जोडलेला. जैसलमेर टेथिस समुद्राच्या काठावर, उथळ, उबदार पाण्यात. मग भारत सुटला, उत्तरेला सरकत गेला, आशियाला धडकला, टेथिस मिटत गेला. “तुमचं घर पण सरकत आलंय,” असं तिने हिंदीत सांगितल्यावर मुलाने घराकडे वळून पाहिलं. आजींनी चहा आणला, सोबत घोटुवां लाडू. बुंदी घोटून केलेला हा लाडू जैसलमेरची खासियत आहे, इतका मऊ की उचलतानाच फुटतो. बाजारात मिळतो, जरूर घ्या.

दुपारी सरकारी संग्रहालयात गेलो. आसपासच्या भागातले जीवाश्म तिथे मांडलेले आहेत. लहान आहे, पण थैयात आणि आकल ही जीवाश्मांची ठिकाणं बघण्याआधी तिथे एक तास घालवलात तर पुढचं सगळं उलगडत जातं.

शनिवारची रात्र: दात कसा ओळखतात

रात्री खोलीत केर-सांगरी आणि गट्ट्याची भाजी मागवली आणि भाचीला म्हटलं, आता मला नीट सांग. नुसत्या दातांवरून नवी प्रजाती कशी म्हणता येते?

हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस होता, कारण शार्क मी लहानपणापासून पाहिलाय. मिरकरवाडा बंदरावर मुशी येते, तिचं कालवण आमच्या घरी होतं. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, मऊ. मेल्यावर कुजतो, काही उरत नाही. दात मात्र टणक आणि फॉस्फेटचे. शिवाय शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि मागून नवे येत राहतात, एकेक शार्क हजारो दात समुद्रतळाशी टाकून जातो. म्हणून शार्कच्या जीवाश्मांत बहुतेक वेळा दातच मिळतात.

पण मुशीचे दात टोकदार असतात. स्ट्रोफोडसचे दात चपटे, लांबट, पाट्यासारखे. त्याने ते मासे फाडायला नाही, कवचं फोडायला वापरले. सकाळच्या जोत्यातल्या शिंपल्यांसारखे प्राणी हे त्याचं अन्न. तो हायबोडॉन्ट नावाच्या गटातला. या गटातल्या शार्कांच्या पाठीवरच्या दोन्ही परांपुढे, म्हणजे फिन्सपुढे, एकेक काटा असे. ट्रायासिक (ज्युरासिकच्या आधीचा काळ) आणि ज्युरासिकच्या सुरुवातीच्या काळात समुद्रात आणि नद्यांत या गटाचं राज्य होतं, मध्य ज्युरासिकपासून समुद्रातला त्यांचा वाटा घटत गेला, आणि ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळाच्या शेवटी ते नाहीसे झाले. त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा बनून वाहत होता. माझ्या घराखालचा दगड आणि शेवटचे हायबोडॉन्ट एकाच काळातले आहेत, हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

आता ओळखण्याचं. भाचीने फोनवर दातांची छायाचित्रं उघडली आणि एकेक गोष्ट बोटाने दाखवली. आधी बाह्यरेषा: दात वरून पाहिला तर चौकोनी, तिरका चौकोन की लांब पट्टी? मग बाजूने: माथा सपाट आहे की कमानीसारखा उचललेला? मग पृष्ठभागावरची नक्षी: या दातांवर जाळीदार, खवल्यांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांची दिशा आणि दाटी प्रजातीगणिक बदलते. मग मूळ आणि आतली रचना.

“सोपं वाटतंय,” मी म्हटलं.

“अजिबात नाही गं मावशी. याच्या जबड्यात पुढचे दात बारीक आणि बाजूचे मोठे, चपटे. वेगवेगळ्या जागचे दात वेगवेगळे दिसतात. एकाच माशाचे दोन दात समोर आले तर घाईत दोन प्रजाती वाटतील. आणि शिंपले फोडून फोडून नक्षी झिजते. झिजलेला म्हातारा दात आणि कोरा दात यांत जमीन-अस्मानाचा फरक.”

म्हणून एका दातावर भागत नाही. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड इथल्या ज्युरासिक थरांतून या कुळाच्या जुन्या प्रजाती वर्णिलेल्या आहेत. प्रत्येकीशी ताडून पाहायचं, तेही जबड्यातल्या त्याच जागेच्या दाताशी. जो फरक झिजेने, वयाने किंवा जागेने समजावता येत नाही, तो उरला तरच ‘नवी’ म्हणायचं. मग एक नमुना प्रमाण म्हणून निवडायचा, त्याला क्रमांक द्यायचा, संग्रहात कायमचा ठेवायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तो तोच दात हातात घेऊन तपासू शकेल. वर्णन, मोजमापं, छायाचित्रं, आणि ते सगळं दुसऱ्या तज्ज्ञांनी वाचून मान्य केलं की मग छापायचं. जैसलमेरच्या दातांचं काम ‘हिस्टॉरिकल बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलं.

याच कुळाची आणखी एक कथा तिने सांगितली ती मला फार आवडली. स्ट्रोफोडस हे नाव स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीने १८३८मध्ये दिलं, दातांना. त्याच्या आदल्या वर्षी त्यानेच एका परकाट्याला ॲस्टेराकँथस असं नाव दिलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी काटा आणि दात एकाच माशाचे मानले, आणि शंभरहून अधिक वर्षं हे दात ॲस्टेराकँथस या नावाने ओळखले गेले. मग जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीतल्या, जवळजवळ अडीच मीटर लांबीच्या ॲस्टेराकँथसच्या सांगाड्याचा अभ्यास झाला. त्यात दातही जागच्या जागी होते, दीडशेहून जास्त, आणि ते चपट्या पाट्यांसारखे नव्हतेच! दोन कुळं पुन्हा वेगळी झाली. तो अभ्यासही २०२१चाच, म्हणजे जैसलमेरच्या दातांना नाव मिळालं त्याच वर्षाचा.

मला यात माणसांबद्दल आदर वाटतो. अगासीकडे सुटा काटा आणि सुटे दात होते, त्याने सुटे आहेत तसे सुटे ठेवले. पुढच्यांना जोडावेसे वाटले, त्यालाही कारणं होती. अखेर एका सांगाड्याने निकाल दिला. ओळख पटवणं हे काम पिढ्यांवर चालतं आणि त्यात कुणीही शेवटचा नसतो. सांगरी गार झाली होती, तशीच खाल्ली.

रविवार: थैयात आणि आकल, पावसात

सकाळी ढग होते. आमचे चालक भाईसा खूश. “मावठ आएगी,” म्हणाले. हिवाळ्यातला हा पाऊस चण्याला आणि मोहरीला चांगला, जिऱ्याला मात्र वाईट, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या भावाने जिरं पेरलंय, म्हणून खुशीत थोडी काळजीही होती.

जोधपूर रस्त्यावर थैयातच्या टेकाडांत २०१४मध्ये डायनासोरचे पावलांचे ठसे ओळखले गेले. तीन बोटांचे, एक मोठा आणि एक अगदी लहान. त्यातला एक कुणीतरी उचकटून नेला म्हणतात, असं भाईसांनी गाडी थांबवताना सांगितलं. ते ऐकून भाची बराच वेळ गप्प होती. दगडाबाहेर काढलेला ठसा कोणत्या थरातला, कोणत्या दिशेने चाललेल्या प्राण्याचा, हे सगळं हरवतं. नेणाऱ्याच्या हातात फक्त एक जड फरशी उरते.

पावसाने आम्हाला आकलला गाठलं. बाडमेर रस्त्यावर, शहरापासून सतरा किलोमीटरवर, २१ हेक्टरचं हे जीवाश्म उद्यान. साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीची खोडं दगड होऊन पडलेली, वर लोखंडी जाळ्या आणि पत्र्याची छपरं. फुलझाडं तेव्हा पृथ्वीवर नव्हतीच, ही सूचिपर्णी वृक्षांची खोडं. कोरड्या हवेत ती तपकिरी दगडासारखी दिसतात म्हणे. आम्ही पोहोचलो तेव्हा सरी येत होत्या आणि ओल्या दगडात लाकडाचा पोत उठून आला होता: रेषा, गाठी, सालीच्या भेगा. भाचीने भिजत भिजत फोटो काढले. ओल्या खडकात जीवाश्म स्पष्ट दिसतात, म्हणून क्षेत्रात काम करणारे पाण्याची बाटली नेहमी जवळ ठेवतात. तुम्हीही ठेवा, पिण्याची वेगळी.

आणि मग मला ती सगळी मालिका दिसली. आकलला नद्या आणि जंगल होतं. थैयातला किनारा आला, ओल्या वाळूवरून डायनासोर चालले. त्यानंतर समुद्र आत शिरला, चुनखडी साचली, शिंपले आले आणि त्यांच्या मागे शार्क. थोड्या किलोमीटरच्या परिसरात जमिनीचा समुद्र होतानाचे टप्पे असे ओळीने पाहायला मिळतात. पाठ्यपुस्तकात मी हे ‘समुद्राचे अतिक्रमण’ म्हणून शिकवत आले आहे. यापुढे शिकवताना आकलचं खोड आणि किल्ल्यातलं जोतं सांगीन.

जेवायला रस्त्याकडेच्या ढाब्यावर थांबलो. गरम राब, म्हणजे बाजरीची पेज, वर जिऱ्याची फोडणी. पावसात त्याहून चांगलं काही मिळालं नसतं.

सोमवार: कुलधरा

पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. भुतांच्या गोष्टींसाठी लोक येतात. आम्ही आलो ते कारण ‘कुलधर मेंबर’ हा थर या गावाच्या नावाचा आहे. त्यात अमोनाइट मिळतात, गुंडाळलेल्या शिंगांसारख्या कवचांचे नामशेष सागरी प्राणी. भाचीने एका दगडाचा तुटलेला काठ दाखवला. सगळा दगड मोहरीच्या दाण्यांएवढ्या गोल कणांचा. उथळ, उबदार पाण्यात लाटांनी घोळवत राहिलेल्या कणांवर चुन्याची पुटं चढत गेली की असे गोल दाणे होतात. म्हणजे दगड हातात घेतला तरी पाण्याची खोली आणि लाटांचा जोर कळतो.

इथे एक सूचना कळकळीने. दगड पाहा, फोटो काढा, पण उचलू नका. जैसलमेरच्या भागात अजून किती तरी ओळखायचं बाकी आहे. याच भागातल्या जेठवाई गावाजवळ थारोसॉरस हा सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा लांब मानेचा डायनासोर मिळाला आणि २०२३मध्ये त्याला नाव मिळालं. पर्यटकाच्या खिशातून घरच्या शोकेसमध्ये गेलेल्या दाताला मात्र विज्ञान कायमचं मुकतं. काही वेगळं दिसलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, फोनवरून जागेची नोंद घ्या आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. सीमेकडच्या काही भागात जायला परवानगी लागते, चालकाला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मंगळवार: हाबूर

शेवटच्या दिवशी हाबूरला गेलो, जैसलमेरपासून तासाभराच्या वाटेवर. हा दगड क्रिटेशस काळातला, शार्कच्या थरांहून बराच अलीकडचा. लालसर तपकिरी, त्यात सोनेरी शिंपल्यांची नक्षी. गावात त्याचे पेले, वाट्या, ताटं घडवतात. या भांड्यात कोमट दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं, असं गावकरी सांगतात. एका कारागिरांनी आम्हाला तसं दही खायला दिलं. गोडसर, घट्ट. खाताना मी काही तपासलं नाही, वाटी पुसून संपवली.

त्या काकांच्या कारखान्यात चिरलेल्या लाद्या भिंतीला टेकून होत्या. आम्ही शार्कच्या दातांसाठी आलोय हे कळल्यावर त्यांनी मागच्या ढिगातून एक तुकडा काढला. त्यात बोटाच्या पेराएवढं, काळं, चकचकीत, चपटं काहीतरी. माझा श्वास अडकला. भाचीने तुकडा उजेडात धरला आणि भिंगातून काठ पाहिला. दात असेल तर आतून हाडासारखा सच्छिद्र दिसेल, शिंपला असेल तर पापुद्र्यांचे थर दिसतील. तिला थर दिसत होते. तरी तिने काकांच्या घरातून लिंबू मागवलं. विमानातून ॲसिड आणता येत नाही, लिंबावरही काम भागतं. काळ्या भागावर सुईने ओरखडा काढून भुकटी केली आणि वर एक थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. चुना फसफसतो, दाताचं फॉस्फेट असं फसफसत नाही.

“तो मछली नहीं है?” काकांनी विचारलं.

“नहीं काका, सीप है.”

काका हिरमुसले नाहीत. त्यांनी लिंबाची दुसरी फोड घेतली आणि ढिगातल्या आणखी काळ्या ठिपक्यांवर थेंब टाकत सुटले. दोन कामगारही येऊन बसले. भाचीने त्यांना भिंग धरायला शिकवलं, सच्छिद्र आणि पापुद्र्यांचं यातला फरक वहीत काढून दिला, आणि खाली जोधपूरच्या जयनारायण व्यास विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचं नाव लिहिलं. न फसफसणारं काही मिळालं तर लादी पॉलिशला न लावता तिथे कळवायचं, असं ठरलं. काकांनी तो कागद करवतीवरच्या भिंतीला चिकटवला. भाईसांनी हॉर्न दिला, जोधपूरची गाडी गाठायची होती.